डाव्या अंगाची ठोकणी

बस गं बेगे, ते पोर दे माझ्या मांडीवर. माझ्या जावयानं तुला घरात आणली तेव्हापासून तुझ्या सवतीची गोष्ट सांगीन म्हणते. तोंड वाकडं करू नकोस. मेलेलीचा कसला हेवा?

हा माग बघतेस ना, अर्धा विणलेला? उजवीकडं मी उभी राहायची, डावीकडं माझी लेक, लिओफ्रन. बाण्याचा आडवा धागा तिनं माझ्याकडं सारायचा, मी तिच्याकडं. मग जिनं तिनं आपापल्या ठोकणीनं तो वर ठोकून बसवायचा. माझी ठोकणी हरणाच्या हाडाची, हलकी. तिची देवमाशाच्या हाडाची, हातभर लांब. मला म्हणायची, "आई, तू विणतेस का माश्या हाकलतेस?" पोटात हे पोर, तरी अशी ठोकायची की ताण्याच्या उभ्या धाग्यांना बांधलेली मातीची वजनं खाली एकमेकांवर आपटायची. ह्याच्या पांघरुणासाठीच विणत होतो.

बाळंतपणात गेली.

आपल्यात बाईच्या हातात तिची ठोकणी देऊनच पुरतात. आमच्या दोन्ही एकाच खुंटीला. शेजारची गोल्डे रडत आली नि भलतीच उचलून घेऊन गेली. खड्ड्याशी बघितलं, तर लेकीच्या मुठीत माझी ठोकणी. मी ती तशीच राहू दिली. म्हटलं, आईच्या हातातलं काहीतरी जाऊ दे बरोबर.

घरी आले तर खुंटीवर तिची. उचलून दोनदा ठोकलं की मनगट भरून येतं. विग्स्टननं लाकडाची नवी करून दिली, तुझ्या नवऱ्यानं. त्या ठोकणीनं मी थोडं विणलं, पण लेकीच्या घट्ट कापडाखाली माझं असं सैल, जाळीगत. उसवून टाकलं. आता तो म्हणतो, "मामी, कापून घ्या ते. नाहीतर मेंढ्या लोकर परत मागायला यायच्या." कापलं तर पोराच्या गुडघ्याखाली पुरत नाही. आणि सकाळी डबक्यावर बर्फाची साय धरायला लागलीय.

दुसऱ्या कुणाला मागाला हात लावू दिला नाही मी. काल तुला सरपण फोडताना बघितलं. खांदा दणकट आहे तुझा. आणि हे पोर दारातनं तुला "आई" म्हणालं. ऐकलं मी. मागं मेंढ्यांत जाऊन रडले, मग आले.

ऊठ पोरी. ती लांब ठोकणी काढ खुंटीवरनं, नि डावीकडं उभी राहा. जोरात ठोक. वजनं वाजू देत.