उजवीकडची खुर्ची

मित्रांनो, उंच पाठीची, जाड हातांची आणि स्वभावाने थोडी शिष्ट अशी मी एक जुनी खुर्ची आहे. एका लहानशा प्रार्थनामंदिरात, वेदीच्या उजव्या बाजूला माझी जागा आहे. सगळे बाक माझ्याकडे तोंड करून असतात. त्यामुळे उपासना चालू असताना कोण डुलक्या घेतो आणि कोण शेजारणीच्या नव्या चपला न्याहाळते, हे मला उपदेश करणाऱ्या पाळकांच्या आधी कळते. पण मी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.

मला एका सुताराने बनवले. एक जुने सागवानी दार मोडून त्याने त्यातून माझे हातपाय काढले, रंधा मारला आणि वेताची बैठक विणून घेतली. काम संपल्यावर तो स्वतः बसून पाहणार होता, तेवढ्यात थोरल्या पाळकांनी त्याला अडवले.

"ही बसायची नाही, बघायची आहे," ते म्हणाले.

"बसायची नाही, तर खुर्ची कशाला सांगितलीत? कपाट केलं असतं. चार वस्तू तरी राहिल्या असत्या," सुतार म्हणाला.

थोरले पाळक हसले. पुढच्या रविवारी त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून मंडळीला समजावले. प्रभू सगळ्यांत खाली उतरला, दासासारखा राबला आणि क्रुसावर मेला. म्हणून देवाने त्याला मेलेल्यांतून उठवले आणि सगळ्यांच्या वर, आपल्या उजवीकडे बसवले. हातांवरचे खिळ्यांचे व्रण मात्र अजून तसेच आहेत. "वर जाऊन तो आपल्याला विसरला नाही. तिथे बसून तो आपलीच बाजू मांडतो. ही रिकामी खुर्ची दिसली की हे आठवा," असे ते म्हणाले. लोकांना ते आठवायचे की नाही, मला ठाऊक नाही. मी मात्र तेव्हापासून भाव खाऊ लागले.

थोरले पाळक वारले. बराच काळ नवे पाळक मिळाले नाहीत आणि माझी रवानगी मागच्या अडगळीच्या खोलीत झाली. तिथे माझ्यावर बादली ठेवत आणि ओली फडकी वाळत घालत. त्याच काळात मंदिरातले दोन पितळी दिवे चोरीला गेले. चोर अडगळीच्या खिडकीतून आत आला आणि माझ्यावर पाय देऊन खाली उतरला. माझे वेत तुटले ते तेव्हा. तो आमच्या इस्त्रीवाल्या ताईंचा धाकटा भाऊ निघाला. वेदीवरची वस्त्रे धुऊन, कडक इस्त्री करून आणणाऱ्या त्या याच ताई. भावाला तुरुंगवास झाला. दिवे काही मिळाले नाहीत, ते त्याने केव्हाच भंगारात घातले होते. ताई त्यानंतर शेवटच्या बाकावर बसू लागल्या.

मग नवे पाळक आले. त्यांचा गुडघा दुखत होता, म्हणून त्यांनी मला बाहेर काढून नवे वेत घातले आणि बसून उपदेश करू लागले. रिकामी राहण्याचा माझा मान गेला, पण बादलीपेक्षा पाळक बरे. पुढे गुडघा बरा झाला, बसणे तसेच राहिले. पाळक बसताना मंडळीने उभे राहायचे आणि त्यांनी मात्र उपासना संपेपर्यंत कुणासाठीही उठायचे नाही, अशी रीतच पडून गेली. प्रभू वर बसला आहे, त्याचा मान आपण खाली राखतो, असे लोक समजत.

पाळकीणबाईंना हे पटत नसे. एकदा मला पुसता पुसता त्या म्हणाल्या, "अहो, त्याचा एक शिष्य दगडांचा मार खात मरत होता, त्याने वर पाहिलं, तेव्हा प्रभू उभा दिसला ना त्याला? बसलेला नाही."

"तो प्रसंगच तसा होता," पाळक म्हणाले.

"असेल. तुमच्यावर तसा प्रसंग आला तर उठाल का, एवढंच विचारते."

पाळकांनी चष्मा पुसायला घेतला. प्रश्न अडचणीचा असला की ते असा चष्मा पुसतात.

प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या रविवारी पाळकांचा उपदेश रंगात आला होता. इतक्यात दार उघडले. दारात ताई आणि त्यांचा भाऊ उभे होते. तो सुटून आला होता. अंगातला शर्ट ताईंनीच इस्त्री केलेला असणार, घडी मोडलेली नव्हती. मंडळीतले वडीलधारे शिंपीकाका पुढच्या बाकावरून उठले.

"आधी दिवे आण, मग आत ये," ते म्हणाले.

"दिवे नाहीत, काका. चूक झाली माझी," भाऊ म्हणाला.

"मग बाहेर थांब."

"तो बाहेर, तर मी पण बाहेर," ताई म्हणाल्या. "पण एकदा तरी कुणी म्हणा की ये. तुरुंगात त्याने दुसरं काही मागितलं नाही."

एका बाकावर जागा होती, तिथे कुणीतरी घाईने पिशवी ठेवली. ताईंनी भावाचा हात धरला आणि त्या वळल्या. पाळकांचे तळवे माझ्या हातांवर घट्ट दाबले गेले. मला वाटले, आता हे चष्मा काढतील.

पाळक उठले. माझ्यावरचे त्यांचे सारे वजन एकदम उतरले. ते बाकांमधून चालत दारापर्यंत गेले आणि भावाच्या शेजारी, मंडळीकडे तोंड करून उभे राहिले.

"प्रभू वर आपली बाजू मांडतो, असं इतकी वर्षं मी बसून सांगितलं," ते म्हणाले. "ये रे बाबा."

शिंपीकाका रागाने निघून गेले, त्यांच्यामागे आणखी काही जण गेले. उरलेल्यांतही पिशवी उचलायला कुणी तयार होईना. तेव्हा पाळकांनी भावाला पुढे आणले आणि माझ्यात बसवले. उरलेला उपदेश त्यांनी उभ्याने केला.

मित्रांनो, खरे सांगते, मला आधी आवडले नाही. ज्याने मला तुडवले तोच! पण तो बसलाच नव्हता मुळी. वेताच्या काठावर जेमतेम टेकला होता, कुणी ऊठ म्हणताच उठता यावे असा. मला त्याची फार दया आली. माझी राखण करा, मला वाळवीपासून जपा, हे तर मी मागणारच. पण तुमच्या दारी कुणी असा काठावर बसलेला दिसला, तर त्याला आधी जपा. नीट बस म्हणा, आणि दोनदा म्हणा, कारण पहिल्यांदा त्याला खरे वाटत नाही.

शेवटचे गीत सुरू झाले. ताई शेवटच्या बाकावरून उठून पुढच्या बाकावर, शिंपीकाकांच्या जागी येऊन बसल्या आणि गाऊ लागल्या. दुसऱ्या कडव्याला भाऊ हळूच मागे सरकला आणि त्याने माझ्या पाठीला पाठ टेकली.