पाहुणी म्हणून

ऑड्रे लेडलॉ लाकडी ठोकळे गालिच्यावर मांडत होती आणि त्या घरची तरुण आई, जोडी, ते एकेक उचलून तिच्या पिशवीत परत टाकत होती.

“आज नको, डॉक्टर. आजच काय, यापुढेही नको.”

ऑड्रे गुडघ्यांवरच बसून राहिली. न्यूकॅसलहून साउथ शील्ड्सला यायचं आणि जोडीच्या दीड वर्षाच्या मुलीची, नेलची, नजर, ऐकणं, हातापायांतली ताकद तपासायची, हे तिचं काम. जोडीच्या स्त्रीबीजांत पेशींना ऊर्जा पुरवणारे कण सदोष होते. त्यापायी तिचे आधीचे दोन मुलगे पाळण्यातच गेले. नेलच्या वेळी डॉक्टरांनी जोडीच्या बीजातलं केंद्रक काढून दुसऱ्या एका बाईच्या निरोगी बीजात ठेवलं होतं. पण केंद्रकाबरोबर थोडे सदोष कण येऊ शकतात, आणि ते पुढे वाढतील की नाही हे कोणालाच सांगता येत नव्हतं. अशी मुलं जगात मूठभर. ती मोठी होईपर्यंत तपासत राहायचं, एवढाच उपाय होता.

“माझं काही चुकलं का?” ऑड्रेने विचारलं.

“चुकलं नाही हो. पण तुम्ही दर वेळी म्हणता, ‘अजून तरी सगळं ठीक आहे.’ तुम्ही जाता, आणि ते ‘अजून तरी’ इथेच मुक्काम ठोकतं. पोरगी जरा जास्त झोपली की मी तिच्या नाकाशी हात धरते. तुम्ही यायच्या आधी आठवडाभर मला घास जात नाही.”

“याच उपचारासाठी रांगेत थांबलेल्या बायकांना आम्ही काय सांगायचं, जोडी?”

“त्यांचं भविष्य माझ्या पोरीच्या अंगावर वाचायचं का?”

यावर द्यायची उत्तरं ऑड्रेला पाठ होती. दुसऱ्या घरांतून तिने ती दिलीही होती. आज मात्र तिने पिशवीची चेन ओढली.

“अगं, निदान चहा तरी विचार,” जोडीची आई डोरीन स्वयंपाकघरातून ओरडली. “रिकाम्या पोटी हाकलायला काय वसुलीवाल्या आहेत का त्या?”

जोडी किंचित हसली. “चहा घ्या. पण पाहुणी म्हणून. पिशवी बाहेर राहू दे.”

पिशवी दाराबाहेर गेली. हॅम आणि वाटलेल्या वाटाण्याचा जाड थर लावलेला स्टॉटी, म्हणजे तिकडचा चपटा गोल पाव, डोरीनने समोर ठेवला. नेलने खुर्चीला धरून टाचा उंचावल्या, पावातलं हॅम तेवढं ओढून काढलं आणि भिंतीला हात न लावता दारापर्यंत पळाली. खिडकीबाहेर समुद्रपक्षी ओरडला तशी झटकन त्याच बाजूला वळली. “गेला!” तिने जाहीर केलं.

ऑड्रेचे डोळे आपोआप नोंद करत होते. पाय सरळ पडतात, पापण्या उतरत नाहीत, दोन बोटांत बारीक तुकडाही नीट धरते. पण संमती काढून घेतली की दिसलेलंही नोंदीत धरायचं नसतं. या उपचारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीपुढे नेलच्या नावासमोर मोकळी जागाच जाणार होती.

“बाई, चहा पिताय की पोरीचे दात मोजताय?” डोरीन म्हणाली.

ऑड्रेने मुकाट्याने कप तोंडाला लावला. एखाद्या घरात नुसतं बसून चहा प्यायल्याला तिला किती वर्षं झाली होती, कोण जाणे. तिला तिथून उठावंसंच वाटेना.

जोडी तिला सोडायला दारापर्यंत आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

“बघत होतात ना तिच्याकडे?”

“सवय लागलीये.”

“मग?”

समुद्राकडून बोचरा वारा येत होता. ऑड्रेने कोटाचं वरचं बटण लावलं.

“ठीक आहे ती.”

जोडी ‘अजून तरी’ची वाट पाहत राहिली. ते येत नाही म्हटल्यावर तिने चौकटीवर कपाळ टेकलं आणि ती रडू लागली. जे जगात कोणालाही ठाऊक नाही ते आपण छातीठोकपणे सांगून बसलो, हे ऑड्रेला कळत होतं. तिला त्याचा पश्चात्ताप होत नव्हता, फक्त भीती वाटत होती.

“तुमची मुलं लहान असताना तुम्हालाही असंच होत असेल,” जोडी नाक पुसत म्हणाली.

“एकच होता. रोरी. तुझ्या मुलांचाच आजार. तेव्हा हे तंत्र नव्हतं.”

जोडी चौकटीपासून सरळ झाली.

“इतक्या वेळा आलात. कधी बोलला नाहीत?”

“बोलले असते, तर तुला नाही म्हणता आलं नसतं.”

आतून डोरीन नेलला कडेवर घेऊन आली. नेलचं तोंड हॅमने माखलं होतं. जोडीने आईकडे पाहिलं, मग ऑड्रेकडे.

“ख्रिसमसला जेवायला या आमच्याकडे. एकट्या बसू नका. याल ना?”

तपासणी सोडलेल्या कुटुंबाशी पुन्हा कसलाही संबंध ठेवायचा नाही, असा नियम होता. घरच्यांवर दबाव येऊ नये म्हणून तो ऑड्रेनेच आग्रह धरून करून घेतला होता.

“येईन की,” ऑड्रे म्हणाली आणि नेलच्या हनुवटीवरचं हॅम तिने बोटाने पुसलं.