म्हात्र्यांच्या देव्हाऱ्यातली जपानी पाटी

रविवारी सकाळी सव्वादहा वाजता घणसोली गावातल्या हरेश म्हात्रे यांच्या घरी गोजराआजींनी मला देव्हाऱ्यातून खाली काढले आणि पुसण्यासाठी पालथे केले. माझ्या पाठीवर मराठीत दोन ओळी लिहिलेल्या होत्या. आजींना वाचता येत नाही. त्यांनी मला मुलाच्या, म्हणजे हरेशरावांच्या, हातात दिले.

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे. जुनी म्हणजे सात महिन्यांची. पण माझ्यासारख्या पाट्या एरवी फार जगत नाहीत. माझा जन्म जपानमधला. तळहाताएवढी फळी, वरची कड घराच्या छपरासारखी, दर्शनी बाजूला धावणारे दोन घोडे आणि वरच्या भोकात लाल दोरी. जिथे माझी विक्री झाली त्या देवळात लोक प्रेमासाठी, लग्नासाठी, तुटलेले नाते जुळावे म्हणून येतात. रीत अशी की पाटी घ्यायची, मागे आपले मागणे लिहायचे आणि देवळाच्या आवारातल्या चौकटीवर टांगायची. काही महिने ती ऊनपाऊस खाते. मग पुजारी सगळ्या पाट्या एकत्र जाळतात. तिथे आमचे काम पूर्ण होते.

माझे झाले नाही.

हरेशरावांची मुलगी जागृती महाप्याच्या एका कंपनीत काम करते. कंपनीने तिला तीन महिन्यांसाठी जपानला पाठवले होते. एका सुट्टीच्या दिवशी ती मनस्वी नावाच्या मैत्रिणीबरोबर देवळात आली. दोघींनी दगडी कुंडावर हात धुतले. दोनदा वाकायचे, दोनदा टाळी वाजवायची, पुन्हा एकदा वाकायचे, असा तिथला नियम. मनस्वी आरतीच्या सवयीने टाळ्या वाजवतच राहिली. जागृतीने तिचा हात धरून थांबवले.

जागृतीला तुर्भ्याच्या कुलदीपशी लग्न करायचे होते. त्याचे वडील कोंडिबा साताऱ्याकडून आलेले. बाजारात पोती वाहिली. घणसोलीत ते अकरा वर्षे हरेशरावांच्याच खोलीत भाड्याने राहिले. आता तुर्भ्यात त्यांचे स्वतःचे घर आहे आणि कुलदीप एका शीतगृहात सुपरवायझर आहे. हरेशरावांनी या लग्नाला नाही म्हटलेले नव्हते. विषय निघाला की ते टाकीत पाणी चढले का, हे बघायला गच्चीवर जात.

जागृतीने माझ्या पाठीवर लिहिले : ‘बाबांनी नाही म्हणण्याआधी कुलदीपला एकदा घरी बोलवावे. जागृती हरेश म्हात्रे.’

“पत्तापण टाक,” मनस्वी म्हणाली. “सगळे टाकतात. इथल्या देवाला घणसोली कुठे माहीत असणार?”

“टाकते. इथे मराठी कोण वाचणार आहे?”

तिने पत्ता टाकला. ती मला टांगणार, एवढ्यात मागून आवाज आला, “अहो, इकडे या. मराठीत कुणी लिहिलंय का बघू. फोटो काढून ग्रुपवर टाकते.” एक सहल आली होती. पंचवीस-तीस माणसे, गळ्यात सारखे पट्टे, एकीच्या हातात चकल्यांचा डबा. जागृतीने मला पटकन पिशवीत कोंबले.

“अगं, टांग ना,” मनस्वी म्हणाली.

“वेडी आहेस? मी विमानात बसायच्या आत हा फोटो घणसोलीत पोचेल.”

अशी मी भारतात आले. बॅग रिकामी करताना आजींना सापडले. कुठली म्हणून त्यांनी विचारले. तिकडच्या देवळातली, एवढेच जागृतीने सांगितले.

“मंग देवाची वस्तू कपाटान नाय ठेवायची, बाय,” आजी म्हणाल्या.

नको म्हणायचे तर कारण सांगावे लागले असते. जागृतीने मला देव्हाऱ्यात ठेवू दिले, माझी पाठ तेवढी भिंतीला लावली. चार महिने मला रोज हळदकुंकू लागले, निरांजनाचा धूर लागला. एक घोडा आता जवळजवळ दिसत नाही. कौतुक पुष्कळ झाले. वाचले कुणीच नाही.

मधल्या काळात हरेशरावांनी उरणचे एक स्थळ बघितले. ते पाहुणे पुढच्या रविवारी येणार आहेत. आज देव घासायला काढले ते त्यासाठीच.

हरेशरावांनी मला दोनदा वाचले.

“काय लिवलंय रं?” आजींनी विचारले.

“अर्ज हाय, आये. माझ्याच नावाचा.” मग त्यांनी मुलीला हाक मारली. “अक्षर तुझं ना?”

“हो.”

“मी घरान बसलोय, आन् माझा अर्ज जपानला?”

“घरात विचारायला गेले की तुम्ही गच्चीवर जाता, बाबा.”

“टाकी भरली का नाय, ती दिवसान चारदा कोन बगतो?” आजी देवाची घंटा घासता घासता म्हणाल्या. “मना पन कलतं.”

हरेशराव माझ्याकडेच बघत होते. “नाय म्हनन्याआधी, असं लिवलंस. म्हंजे मी नायच म्हननार, हे तू ठरवूनच टाकलंस.”

हरेशरावांनी खुंटीवरची किल्ली घेतली, मला सदऱ्याच्या खिशात खोचले आणि स्कूटर काढली. “बाबा, कुठे?” असे जागृतीने जिन्यातून दोनदा विचारले. ते थांबले नाहीत.

खिशातून मी निम्मी बाहेर होते. ठाणे-बेलापूर रस्त्यावर पुढे सगळे ट्रक. मित्रांनो, तेवढ्या वेळात मला एक विचार आला, तो तुम्हांला सांगते. माझ्यासारख्या वस्तूला हळदकुंकू लावले म्हणजे तिची निगा राखली असे होत नाही. तिला जिथे टांगायचे तिथे टांगा. आणि घरातल्या माणसाला विचारायचे असेल, तर त्याच्यासमोर बसून विचारा. तो उठून गच्चीवर गेला, तर मागोमाग जा. मी लाकूड आहे. मी फक्त लिहिलेले जपून ठेवू शकते.

अकरा वाजून पाच मिनिटांनी तुर्भ्यात दुसऱ्या मजल्यावर मुक्ताबाईंनी, म्हणजे कुलदीपच्या आईने, दार उघडले.

“मालक? तुमी?” त्यांनी पदर सावरला. “या की, आत या.”

“आता कसला मालक, वैनी,” हरेशराव म्हणाले. “कोंडिबा हाय ना घरान?”

कोंडिबा आतून लुंगी सावरत आले. कुलदीप कामावर होता. हरेशरावांनी चपला दाराबाहेर काढल्या, पण दाखवलेल्या खुर्चीवर ते बसले नाहीत. खिशातून मला काढून त्यांनी टेबलावर पालथे ठेवले.

“आधी हे वाच,” ते म्हणाले. “मंग कुलदीपला आमचे घरी बोलवायचं, त्याचं बोलतो.”

मुक्ताबाईंनी चहाचे आधण ठेवले आहे. हरेशराव अजून उभेच आहेत. कोंडिबा चष्मा शोधत आहेत.