एकोणीस बारा

सकाळी अकराच्या सुमाराला मंतरवाडीच्या एका गोदामात, माल चढवा-उतरवायच्या चार नंबरच्या डॉकवर चुकीची गाडी लागली. गाडी रिकामी हवी होती, ती भरलेली निघाली. कोल्हापूरला पाठवायचे कुकर उचलून फोर्कलिफ्टवाला पुढे आला, तर कंटेनरमध्ये छतापर्यंत साबणाच्या पावडरीची खोकी. त्यानं हॉर्न वाजवला आणि हात वर करून बसून राहिला.

गाडी रंगनाथ इंगोलेची होती. पुणे, सांगली, कोल्हापूर आणि परत, अशी त्याची लाइन. या गोदामात तो चार वर्षं येत होता आणि चार वर्षांत इथं कुणी त्याला नावानं हाक मारलेली नव्हती. इथली रीतच तशी. गेटवर गाडीच्या पाटीवरचे शेवटचे चार आकडे घेतात आणि पाळी आली की ड्रायव्हरांच्या शेडमधला स्पीकर ते आकडे पुकारतो. रंगनाथ होता ‘एकोणीस बारा’. चहाची टपरी चालवणारी आम्रपाली त्याला एकोणीस बाराच म्हणायची, आणि तो आला नाही तर ‘आज एकोणीस बारा आजारी आहे का?’ असं विचारायची.

गेल्या आठवड्यात गाडीमालकानं, म्हणजे विश्वजीतशेठनं, नवी गाडी घेतली. ती रंगनाथला मिळाली. तिचे आकडे त्र्याहत्तर छत्तीस. जुनी गाडी सूरज नावाच्या नव्या ड्रायव्हरकडे गेली.

आज स्पीकर म्हणाला, “एकोणीस बारा, डॉक चार.” सूरज तेव्हा शेडमागं तोंड धूत होता. रंगनाथ बाकावरून उठला, पायांत चपला सरकवल्या, नव्या गाडीत चढला आणि चार नंबरकडे निघाला. गेटवरचा संभाजी हरपळे सील कापायचा कटर घेऊन आला. पाटी आणि सीलचा नंबर पडताळल्याशिवाय सील कापायचं नाही, असा नियम. शिवाय रिकाम्या गाडीला सील नसतंच. पण संभाजीनं पाटी पाहिली नाही, माणूस पाहिला. “लाव मागं, एकोणीस बारा,” म्हणाला, आणि सील कापून मोकळा झाला.

सुपरवायझर सलिल जोगळेकर वरच्या ऑफिसातून खाली आला. आवाज चढवणाऱ्यांतला तो नव्हता.

“पाटी वाचता येते आपल्याला?” त्यानं रंगनाथला विचारलं.

“येते, साहेब.”

“मग आपण आज वाचायचं नाही असं ठरवलंत का?”

“स्पीकरवर एकोणीस बारा म्हणाले.”

“आपली गाडी एकोणीस बारा आहे?”

“होती.”

शेडच्या तोंडाशी जमलेले ड्रायव्हर हसले. रंगनाथही हसला. हसता हसता त्याला एकदम काहीतरी उमगलं आणि तो थांबला. हाक दुसऱ्याच्या गाडीला होती. उठले मात्र त्याचे पाय. दावणीचं जनावर मालक बदलला तरी जुन्या हाकेला मान वळवतं, तसं.

“सील संभाजीनं कापलं,” त्याच्या तोंडून निघालं.

“आरं, तूच समोर हुबा हाईस म्हणल्यावर मी काय पाटी बघत बसू?” संभाजी म्हणाला. “चार वर्सं तुला बघतोय.”

“संभाजीचं मी बघतो,” सलिल म्हणाला. “आपण गाडी बाहेर घ्या, शेडमध्ये बसा. पुकारल्यावर ऑफिसात या. गेट बंद करायचं की नाही, ते तेव्हा बोलू.”

गेट बंद म्हणजे या गोदामात पुन्हा पाय ठेवायचा नाही. शेठकडं काम होतं ते याच एका गोदामाचं. गेट बंद झालं की रंगनाथची लाइन संपली, आणि बिबवेवाडीतली खोली सोडून पुन्हा वाशीमची एसटी. हे सलिलला ठाऊक होतं आणि रंगनाथलाही. मुकाट गाडी काढली असती, ऑफिसात दोन वेळा ‘चुकलं’ म्हटलं असतं, तर बहुधा निभावलं असतं. अशा चुकलेल्या पुष्कळ माणसांचं निभावलं होतं.

रंगनाथनं चावी काढली, शर्टाच्या खिशात घातली आणि शेडमध्ये जाऊन बाकावर बसला. गाडी डॉकवरच.

थोड्या वेळानं स्पीकर म्हणाला, “त्र्याहत्तर छत्तीस, गाडी काढा.”

रंगनाथ हलला नाही. स्पीकर पुन्हा तेच म्हणाला. तिसऱ्या वेळी सलिल स्वतः शेडमध्ये आला.

“ऐकू येतं ना?”

“येतं की. आकडा ऐकून आज एकदा उठलो, साहेब. काय झालं ते तुम्ही पाहिलंच. आता आकड्याला उठणार नाही.”

“मग कशाला उठणार आपण?”

“नावाला. रंगनाथ इंगोले. स्पीकरवर म्हणा, लगेच काढतो.”

सलिलनं चष्मा पुसला. “सिस्टिममध्ये गाडीचा नंबर येतो. ड्रायव्हरचं नाव येत नाही.”

“तोंडात येतं ना?”

मागं कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. सलिलनं तिकडं पाहिलं नाही. “आज आपलं नाव घेतलं, की उद्या सगळ्यांची घ्यायची. हे गोदाम आहे, बारसं नाही.”

“सगळ्यांची घ्या. सगळ्यांना आहेत.”

सलिल गेला आणि रंगनाथचा फोन वाजला. विश्वजीतशेठ.

“रंगनाथ, काय लावलंयस हे? तुझं नाव घेऊन त्यांचा माल जास्त विकणार आहे का?”

“नाही, शेठ.”

“मग?”

“नाव घेतलं असतं तर आज मी उठलोच नसतो. चूक झालीच नसती.”

“ते मला नको सांगूस. गाडी काढ.”

“काढतो. नावानं हाक आली की काढतो.”

शेठ म्हणाले, “दुसरी चावी माझ्याकडं आहे. मी निघालो. सूरजला सांग, मी आलो की गाडी त्यानं बाहेर घ्यायची.”

सूरज शेजारीच बसला होता. फोनमधलं सगळं त्याला ऐकू आलं होतं. “काका,” तो हळूच म्हणाला, “मला कशाला मध्ये घेताय?”

“मी कुठं घेतलं? शेठनं घेतलं. तुला काढायची तर काढ. मी आडवा पडणार नाही.”

“तसं नाही हो.”

“मग कसं?”

तेवढ्यात आम्रपाली चहा घेऊन आली. तिनं एक ग्लास रंगनाथपुढं धरला, सवयीनं ‘एकोणीस’ म्हणाली आणि अडखळली.

“तुमचं नाव काय हो, दादा?”

रंगनाथनं सांगितलं. तिनं ते एकदा म्हणून पाहिलं आणि पुढच्या माणसाकडं वळली. “आणि तुमचं?”

संभाजी गेटवरून दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा म्हणाला, “आरं, माजी नोकरी घालवशील.” दुसऱ्यांदा त्यानं विचारलं, “इंगोले म्हनजी कुठलं?” “वाशीमकडचं,” रंगनाथ म्हणाला. संभाजीनं मान हलवली आणि परत गेला.

जेवणाच्या सुट्टीनंतर स्पीकर म्हणाला, “एकोणीस बारा, डॉक सहा.” ही पाळी सूरजची होती, आणि डॉक सहा रिकामा होता. सूरज उठला. शेडमधल्या सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं टपरीवरून पाण्याचा ग्लास घेतला, प्यायला आणि परत येऊन बसला. त्यानंतर पुकारलेल्या आकड्यांनाही कुणी उठलं नाही.

दुपारी अडीचला त्र्याहत्तर छत्तीस चार नंबरच्या डॉकवरच उभी होती, मागची दारं उघडी. आत घ्यायच्या गाड्यांची रांग गेटबाहेर सासवड रस्त्यापर्यंत गेली होती आणि विश्वजीतशेठची मोटार त्या रांगेत अडकली होती. सलिल ऑफिसात फोनवर होता. सीलचं विचारायला त्यानं संभाजीला वर बोलावून घेतलं होतं, आणि संभाजी अजून खाली आलेला नव्हता.