गरम हातांची माणसं

आमच्या मामांचं फुलांचं दुकान आहे आणि नाकाच्या शेंड्यावर राग आहे. दुकान भाड्याचं, राग स्वतःचा. फूल कोमेजलेलं दिसलं की आधी त्यांचे कान लाल होतात, मग छाती धडधडते, मग तोंड सुटतं. त्यांच्या डॉक्टरांनी मला एकदा समजावलं होतं, की धोका दिसला की मेंदू नसांतून निरोप धाडतो, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात आणि माणूस वाघाशी लढायला सज्ज होतो. मामांच्या आयुष्यात वाघ नाही. म्हणून मी आहे.

माझ्याआधी दुकानात कामाला असलेल्या काकू होत्या. वीस वर्षं त्या दुकानात फुलं बांधत होत्या, देठाला तार गुंडाळायला मला त्यांनीच शिकवलं. गेल्या वर्षी थंड खोलीतली कार्नेशनं दोन-तीन दिवसांत पाकळ्या आत वळवून मिटायला लागली, तेव्हा मामांनी शोध लावला, की काकूंचे हात गरम आहेत. नाचता येईना अंगण वाकडं! "काय गं, खरं ना?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणून मान हलवली. काकूंनी पिशवी उचलली आणि गेल्या.

फुलं मिटतच राहिली. मग गरम हात माझे निघाले. सोमवारी मामांनी बजावलं, "शनिवारी लग्नाची चारशे कार्नेशनं जायची आहेत. एक जरी मिटलं, तर भाची असलीस तरी घरी बसायचं." माझ्या पगारावर आईची औषधं चालतात. आई म्हणजे मामांचीच सख्खी बहीण, पण राग आला की ते नातं त्यांना आठवत नाही.

मंगळवारी मळेवाले स्वतः फुलं घेऊन आले. थंड खोलीचं दार उघडलं आणि तिथेच थबकले. कोपऱ्यात सफरचंदांच्या दोन पेट्या होत्या.

"ही फळं इथे कुणी ठेवली?"

"मामांनी. गेल्या वर्षी डॉक्टरांनी प्रेशरसाठी फळं खायला सांगितली, तेव्हापासून पेटीनेच आणतात."

"अहो ताई, पिकलेल्या फळातून इथिलीन नावाचा वायू सुटतो. झाडांचं हार्मोनच ते. झाडाला ना मेंदू, ना नसा. त्याचे निरोप असे गुपचूप जातात. हा वायू फळाला सांगतो, पीक. फुलाला सांगतो, आटप आता."

म्हणजे बघा. फळं फुलांना मारतात, मेलेली फुलं पाहून मामा ओरडतात, ओरडून प्रेशर वाढतं आणि प्रेशर वाढलं की डॉक्टर आणखी फळं खायला सांगतात. एवढा समन्वय धडधाकट शरीरातही नसेल.

पुराव्याशिवाय मामांना चूक दाखवणं म्हणजे विंचवाच्या बिळात बोट घालणं. मी दोन्ही पेट्या मागच्या जुन्या फ्रिजमध्ये हलवल्या आणि सोबत दहा जादा कार्नेशनं ठेवली. बाकीची थंड खोलीतच राहिली.

शुक्रवारी मामांना दोन्ही दारं उघडून दाखवली. इकडे चारशे फुलं टवटवीत. तिकडे सफरचंदांशेजारी दहाची दहा मिटलेली.

"एकाच मळ्यातली, एकाच दिवशी आलेली," मी म्हटलं, "आणि सगळी माझ्याच गरम हातांनी ठेवलेली."

मामांचे कान लाल झाले, पण तोंड काही सुटलं नाही. मिटलेलं एक फूल उचलून बघत ते म्हणाले, "काकूंना फोन लाव." मी लावला, तर स्वतः पाण्याच्या बादल्या मोजत बसले. माफी मागायचं कामही भाचीचंच.

काकूंना मी सगळं सांगितलं. सफरचंदं, इथिलीन, दहा फुलं. आणि मानेचंही सांगितलं. तव्याला बोट लागलं की मेंदूला न विचारताच हात मागे येतो ना, तशी माझी मान हलली होती, असं मी म्हणाले. वर्षभर मी स्वतःलाही हेच सांगत होते. खोटं होतं. मेंदूला चांगलं विचारलं होतं. आज त्या जातील, नाहीतर तू, असं तो म्हणाला होता.

"फळांचं कुणालाच माहीत नव्हतं गं," काकू म्हणाल्या. "पण माझे हात? तुझा हात हातात धरून तार गुंडाळायला शिकवलं मी. तुला तर माहीत होते."

काकूंचे हात बारा महिने गार असायचे. मी मान तेवढी हलवली, ती फोनवर दिसत नाही.