सहा खिडक्या, दोन गाठी

मित्रांनो, मी आहे एक जुना पुठ्ठा. हसू नका! माझ्या अंगाला सहा खिडक्या आहेत, आणि त्या खिडक्यांतून एकेकाळी कर्जत-खालापूरची आठशे बाळे डोकावत असत.

मी मूळचा लग्नातल्या शालूच्या खोक्याचे झाकण. शालू विशाखाताईंचा. त्या बी. ए. झालेल्या, भिसेगावात राहणाऱ्या, पाच महिन्यांच्या प्रज्ञाची आई. बाळ दोनदा शिंकले तरी त्या वहीत तारीख लिहून ठेवत. घरात त्यांची थट्टा होई, पण वही काही थांबत नसे. १९८६ साली त्या लहान मुलांना लस टोचणाऱ्या एका संस्थेत यादीचे काम पाहत होत्या.

त्या यादीसाठी चक्क संगणक होता! आमचा नव्हे हं, चौक गावाजवळच्या एका कारखान्याचा. गुरुवारी संध्याकाळी कारखान्याचे काम आटोपले की तो आमच्यासाठी मोकळा व्हायचा. आठवडाभराच्या नोंदींचा सगळा गठ्ठा एकदम त्याच्या पोटात घालायचा, एक प्रश्न विचारायचा, म्हणजे कोणती माहिती कोणत्या क्रमाने हवी ते सांगायचे, आणि शुक्रवारी सकाळी उत्तराचा कागद घेऊन यायचे. कागद तरी केवढा! घडीवर घडी, दोन्ही कडांना भोके. पण त्यावर मथळे नसत. इंग्रजी अक्षरांत नावे आणि पुढे नुसते एक नि शून्य. त्रिगुणी लसीचा डोस झाला असेल तर एक, नसेल तर शून्य. कोणता आकडा कोणत्या डोसचा, हे नर्सबाईंनी ओळखायचे कसे?

म्हणून विशाखाताईंनी दाढीच्या पात्याने मला कापले. सहा खिडक्या पाडल्या आणि प्रत्येकीच्या वर मराठीत लिहिले : वाडी, मूल, वय, पहिला, दुसरा, तिसरा. मला कागदावर ठेवले की मुका कागद बोलू लागे! नर्स चंद्राबाई तर म्हणाल्या, "अगं विशाखा, ह्यो पुठ्ठा म्हंजे माझा चष्माच झाला!" त्या दिवशी मी केवढा फुललो म्हणून सांगू!

आणि मग तो शुक्रवार उजाडला.

डोंगराकडच्या एका वाडीत डांग्या खोकला आला होता. तिसरा डोस चुकलेल्या मुलांना त्याच दिवशी गाठायचे होते. जीप महिन्यातून एकदाच वर जायची. जीपवाल्या पोपटने चौकहून कागद आणला. संस्थेच्या डॉक्टरीणबाई अलिबागला गेल्या होत्या. विशाखाताईंनी मला कागदावर ठेवले आणि माझी शेवटची खिडकी पाहू लागल्या.

एक. एक. एक. एक!

"मावशी, अहो बघा तरी! सगळ्यांचा तिसरा झालाय. फक्त तीन मुलं राहिली!"

चंद्राबाईंनी टाळीच वाजवली. "काय सांगतेस! मंग पेढे आन गं!"

"तीनच पोरं? म्हंजे एकच बाटली न्यायची," पोपट म्हणाला. "चला, लसीच्या पेटीतला बर्फ वितळतोय."

मित्रांनो, माझ्या चौथ्या खिडकीत, म्हणजे 'पहिला'च्या खाली, शून्यांची रांग लागली होती. पण आनंदाच्या भरात तिकडे पाहतो कोण? मला तोंड असते तर मी ओरडलो असतो!

तेवढ्यात पायरीवर ठकी आली. डोंगरावरच्या त्याच वाडीतली ठाकरीण. सरपणाची मोळी विकायला बाजारात उतरली होती, आणि पाठीला बांधलेला कमळ्या तिच्या खांद्यावरून टकमक बघत होता.

"बाय, आमच्या वाडीत गाडी कवा येनार?"

चंद्राबाईंनी यादीवर बोट फिरवले. "तुज्या कमळ्याचं झालं की गं समदं. तिसरा बी झाला."

"नाय. दोनच टोचल्यात." ठकीने पोराला पुढे घेतले आणि त्याच्या कमरेचा काळा करगोटा दाखवला. "दर सुईला म्या एक गाठ मारलीय. ह्या बगा. दोन."

"आता तुज्या गाठी खऱ्या का मशीन खरं?" चंद्राबाई म्हणाल्या.

पोपट फिसकन हसला. पण ठकी जागची हलेना. "मशीन आलं हुतं का माज्या पोराला धराया?"

विशाखाताई मात्र हसल्या नाहीत. त्या गाठींकडे टक लावून पाहत राहिल्या. मग त्यांनी भराभर घड्या उलटल्या आणि भिसेगावच्या पानावर मला ठेवले. तिथे त्यांच्याच लेकीची ओळ होती. पहिला शून्य, दुसरा एक, तिसरा एक.

"मावशी! माझ्या प्रज्ञाचा तिसरा व्हायचाय अजून. सोमवारी देणार होतो ना आपण? आणि पहिला तर तुम्हीच दिलात! हे सगळं उलटं आहे!" त्यांचा आवाज चढला. "पोपटभाऊ, कागदासोबत काही चिठ्ठी दिली होती का?"

पोपटने खिसा चाचपला. "ही व्हय? मला वाटलं गेटपास हाय."

चिठ्ठीत कारखान्यातले यंत्र चालवणाऱ्या काळूरामांनी लिहिले होते : 'डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून या वेळी प्रश्न बदलला आहे. तिसरा डोस महत्त्वाचा म्हणून तो आधी छापला आहे. क्रम : तिसरा, दुसरा, पहिला.'

म्हणजे यंत्र खरे होते आणि ठकीच्या गाठीही खऱ्या होत्या. खोटा होतो तो मी! प्रश्न बदलला, उत्तरांच्या जागा बदलल्या, आणि मी मात्र कपाळावर जुनीच नावे मिरवत बसलो होतो.

विशाखाताईंनी लाल पेन्सिल उचलली. माझा 'पहिला' खोडून 'तिसरा' केला, 'तिसरा' खोडून 'पहिला' केला. पुन्हा पानामागून पान! शून्य... शून्य... तीन नव्हे, सव्वीस मुले! सात वाड्या!

"तीन बाटल्या घ्या मावशी! पोपटभाऊ, वरची वाडी आधी! ठके, बस गाडीत!"

"आन माजी मोळी?"

"टाक टपावर!" पोपट ओरडला. "आज तुजी मोळी बी जीपनं जाईल!"

काय तो दिवस! जीप धुरळा उडवत चढली. मी विशाखाताईंच्या मांडीवर, आणि त्या एकेक नाव पुकारत होत्या. कमळ्याने सुई टोचताच असे भोकाड पसरले की कोंबड्या पळाल्या. ठकी हसत होती आणि रडतही होती. तिने तिथेच करगोट्याला तिसरी गाठ मारली. दिवेलागणीला भिसेगावात परतल्यावर प्रज्ञालाही तिसरी सुई टोचली. सोमवारची वाट पाहायला तिची आई आता तयारच नव्हती.

त्यानंतर प्रत्येक प्रश्नासाठी नवा पुठ्ठा कापला जाऊ लागला, आणि त्याच्या कपाळावर सर्वांत आधी तो प्रश्नच लिहिला जाऊ लागला. विशाखाताईंनी आणखी एक रीत पाडली. कोणतीही यादी आली की आधी प्रज्ञाची ओळ काढायची, वहीशी ताडायची, मगच पुढे वाचायचे.

आता नवे यंत्र मथळे स्वतःच छापते. मी कपाटामागे धूळ खात पडलो होतो. एकदा झाडलोट करताना मी रद्दीच्या ढिगात गेलो. नेमकी ठकी त्या दिवशी आली होती. तिने मला ओळखले. "ह्यो पुठ्ठा टाकू नका बाय," म्हणाली, आणि कमरेची पिशवी सोडून कमळ्याचा तोकडा झालेला जुना करगोटा काढला, माझ्या कोपऱ्यातल्या भोकात ओवला आणि मला खिळ्याला टांगले.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा, पण आमच्यावर डोळे मिटून विसंबू नका. प्रश्न बदलला की खिडक्याही पुन्हा तपासा, आणि तुमच्या ओळखीची एक तरी ओळ आधी शोधा. मला अजून वारा लागला की मी खिळ्यावर हलतो, आणि माझ्या डोक्यावरच्या त्या काळ्या दोऱ्याच्या गाठी भिंतीवर टकटक वाजतात. मोजून पाहा. तीन आहेत.