आणि माझ्या अंगावरची रेघ सरकली

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. जुना म्हणालो म्हणून लगेच नाक मुरडू नका. फोनमध्ये बोटाने मोठा-लहान करता तसला नकाशा मी नव्हे. मी जाड कॅनव्हासवर हाताने रंगवलेला, दोन माणसांनी धरला तरच उलगडणारा भिंतीवरचा नकाशा आहे. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या एका राज्याचा. राज्याचं नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर तुम्ही गोष्ट सोडून गूगल करत बसाल.

मला मराठी कसं येतं, असं विचाराल. मी हेझल ब्रूक नावाच्या टाउनशिपच्या, म्हणजे छोट्या गावाच्या लायब्ररीत, मोठ्या हॉलमध्ये लटकतो. दर रविवारी माझ्यासमोर मराठी शाळा भरते. मुलं बाराखडी गिरवतात आणि मधल्या सुट्टीत इंग्रजीत भांडतात. त्यांच्याबरोबर मीही शिकलो, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यापेक्षा लवकर शिकलो.

माझा जन्म मात्र थाटाचा. राजधानीतल्या एका चित्रकाराने मला रंगवलं आणि मला थेट सिनेटच्या दालनाबाहेर टांगलं. आमच्या राज्याचे कायदे करणारं वरचं सभागृह म्हणजे ही सिनेट. माझ्या अंगावर काउंट्या होत्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे भाग, आणि खाली पितळी पट्टीत सभासदांच्या नावांची कार्डं. तेव्हा हिशेब सोपा होता, एका काउंटीचा एक सिनेटर. जिथे माणसांपेक्षा गाई जास्त होत्या त्या काउंटीलाही एक, आणि लाखोंनी माणसं राहत होती त्या शहरालाही एकच. शहरातली माणसं माझ्यासमोर उभी राहून चरफडायची. मला वाईट वाटायचं, पण मी नकाशा, मी काय करणार?

मग देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं, की प्रत्येक माणसाच्या मताचं वजन सारखं हवं. काय दिवस होते ते! काउंट्यांचा हिशेब मोडला, माणसं मोजून मतदारसंघ आखले गेले आणि सभासद वाढले. पितळी पट्टी पुरेना, म्हणून खाली दुसरी ठोकली. पुढे एका निवडणुकीनंतर त्या पट्टीत पहिल्यांदा एका बाईंचं नाव आलं. कार्ड सरकवणाऱ्या शिपायाने ते दोनदा उलटसुलट करून पाहिलं होतं. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून दर दहा वर्षांनी जनगणना झाली की माझ्यावर पारदर्शक कागद चढवायचा आणि मेणाच्या पेन्सिलीने नव्या रेघा ओढायच्या, अशी पद्धत पडली. रेघ ओढणाऱ्यांमध्ये सज्जन होते तसे लबाडही होते. विरोधकाचं घर मतदारसंघाबाहेर काढण्यासाठी एकाने अशी काही रेघ फिरवली, की त्या मतदारसंघाची जिलबी झाली. गुदगुल्या मला आणि निवडून आला तो.

पुढे कॉम्प्युटर आले आणि माझी सद्दी संपली. मला गुंडाळून तळघरात बॉयलरच्या मागे उभं केलं. किती वर्षं गेली कोण जाणे. उंदरांनी माझा उजवा कोपरा कुरतडला आणि एकही निवडणूक न लढवता एक अख्खा मतदारसंघ गिळला. मी अगदी रडकुंडीला आलो होतो. शेवटी तळघर साफ करताना मला कचऱ्यात काढलं, तेव्हा हेझल ब्रूकच्या लायब्रेरियन रुपाली तिथे पोचल्या. त्यांनी मला गाडीच्या टपावर बांधून आणलं, मऊ ब्रशने झाडलं आणि हॉलमध्ये खिडकीसमोर टांगलं. कोपरा तेवढा गेला तो गेलाच.

खिडकीतून मला मिल रोड दिसतो. रुंद, सरळ, राज्य सरकारचा रस्ता. अलीकडे लायब्ररी, पलीकडे शाळा आणि म्हाताऱ्या माणसांची घरं. गाड्या अशा सुसाट जातात की खिडकीची काच खडखडते. तिथे पायी जाणाऱ्यांसाठी सिग्नल हवा, असं सगळे म्हणत होते. अडचण होती ती माझ्या अंगावर. मागच्या वेळी मतदारसंघाची रेघ बरोबर त्या रस्त्याच्या मधून गेली होती आणि रुपालींनी ती माझ्यावर आखून ठेवली होती. उत्तरेच्या घरांचा सिनेटर वेगळा, दक्षिणेच्या घरांचा वेगळा. अर्ज एकाकडे नेला की तो गोड हसून दुसऱ्याकडे पाठवायचा, आणि दुसरा त्याहून गोड हसून परत पहिल्याकडे.

मग एका पावसाळी संध्याकाळी विष्णू काका लायब्ररीतून घरी निघाले होते. हे आमचे निवृत्त इंजिनियर. रस्ता ओलांडताना त्यांना गाडीने उडवलं आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. मी खिडकीतून सगळं पाहिलं, मित्रांनो, आणि मला ओरडताही आलं नाही. काका वाचले, पण हातात काठी आली. रस्त्यापलीकडच्या घरातून लायब्ररीत यायला त्यांना मुलाच्या गाडीची, म्हणजे इथल्या भाषेत 'राइड'ची, वाट पाहावी लागू लागली.

दोन वर्षांनी जनगणनेनंतरचा नवा नकाशा आखणं सुरू झालं. रेघा ठरवणाऱ्या सरकारी आयोगाने कच्चा नकाशा जाहीर केला. मिल रोडवरची रेघ तशीच होती, आणि तिला आणखी एक फाटा फुटून हेझल ब्रूकचे तीन तुकडे झाले होते. आता आणखी दहा वर्षं तीन सिनेटर एकमेकांकडे बोट दाखवणार! लोकांचं म्हणणं ऐकायला आयोग गावोगाव फिरणार होता, आणि आमची सुनावणी ठरली माझ्याच हॉलमध्ये. ही शेवटची संधी होती.

उल्हास काकांनी कंबर कसली. हे विष्णू काकांचे मित्र, पन्नास वर्षांपूर्वी भारतातून आलेल्या पिढीतले, आणि महाराष्ट्र मंडळाचे कितीतरी वेळा अध्यक्ष. सुनावणीच्या आधी त्यांची बायको कांचन काकू आणि मुलगी आसावरी माझ्याखाली खुर्च्या मांडत होत्या.

"कांचन, तूही नाव दे," काका म्हणाले. "बोलू नकोस हवं तर. पण स्पीकर्स भरपूर दिसले पाहिजेत."

"अहो, मला नाही जमत ते," काकू म्हणाल्या. "मी जन्मभर भूल देणारी डॉक्टर. माझ्यासमोरची माणसं झोपलेली असायची."

"बाबा, दोनच मिनिटं मिळणार आहेत," आसावरी म्हणाली. ती इथेच जन्मलेली आणि वकील. "प्लीज, डायरेक्ट पॉइंटवर या. थँक यू वगैरे स्किप करा."

"अगं, मला शिकवतेस? मी गणपतीला चारशे लोकांसमोर भाषण केलंय!"

सुनावणी सुरू झाली. हॉल गच्च भरला होता. टेबलामागे आयोगाची पाच माणसं, आणि बोलणाऱ्यासमोर दिवा. वेळ संपली की तो लाल होणार होता. उल्हास काका ब्लेझर घालून उठले, माइक सरळ केला आणि इंग्रजीत सुरुवात केली. पण इंग्रजी झाली म्हणून मंडळाची सवय थोडीच जाते! त्यांनी आदरणीय अध्यक्षांचे आभार मानले. मग आयोगाच्या इतर मान्यवरांचे, एकेकाचं नाव घेऊन. मग लायब्ररीचे, रुपालींचे, खुर्च्या मांडणाऱ्या तरुण स्वयंसेवकांचे, आणि सामोसे पाठवणाऱ्या दुकानाचे. पहिल्या रांगेत आसावरीने कपाळाला हात लावला. "आणि आता मी मूळ मुद्द्याकडे वळतो," काका म्हणाले आणि दिवा लाल झाला.

माइक बंद झाला. काका तिथेच उभे राहिले, तोंड उघडं, हात वर. मला वाटलं, गेलं सगळं. त्यांच्यानंतर एकच नाव उरलं होतं, काकांनीच यादीत घातलेलं, डॉक्टर कांचन दिघे.

काकू बसूनच राहिल्या. आसावरी कानाशी वाकली. "आई, ड्रॉप करू या का? यू डोन्ट हॅव टू."

काकू उठल्या. माइककडे गेल्याच नाहीत. सरळ माझ्याकडे आल्या आणि माझ्या अंगावर, बरोबर मिल रोडवर, बोट ठेवलं. मग मागे वळून मराठीत म्हणाल्या, "विष्णुभाऊ, जरा उभे राहता?"

विष्णू काका काठीच्या आधाराने उठले. पुढचं काकू इंग्रजीत बोलल्या, मी तुम्हाला मराठीत सांगतो. "हे माझे शेजारी. यांचं घर या बाजूला आणि लायब्ररी त्या बाजूला. हे पडले ते इथे, तुमच्या रेघेवर. अँब्युलन्स आली, तिने मतदारसंघ विचारला नाही. सिनेटरांना मात्र दोन वर्षं विचारतोय, की हा माणूस तुमच्यापैकी कोणाचा? अजून उत्तर मिळालेलं नाही."

मग त्या हॉलकडे वळल्या. "हा रस्ता जे ओलांडतात त्यांनी उभं राहा."

खुर्च्या सरकल्या. मराठी उभे राहिले, तेलुगू उभे राहिले, चिनी आजी-आजोबा उभे राहिले, बेगल नावाचे कड्यासारखे पाव विकणारे दुकानदार आणि कित्येक पिढ्या इथेच शेती केलेलं एक गोरं कुटुंबही उभं राहिलं. बसलेलं कोणी उरलंच नाही. "यांचे तीन भाग कसे करायचे ते तुम्ही मला दाखवा," काकू म्हणाल्या.

त्यांची वेळ अजून शिल्लक होती. पण त्या पुढे बोलल्या नाहीत. पेशंटच्या उशाशी उभं राहायची सवय असलेली ती बाई शांतपणे आयोगाकडे बघत उभी राहिली, आणि तिच्याबरोबर अख्खा हॉल. दिवा लाल होईपर्यंत कोणी खाकरलंही नाही. इतकं मोठं भाषण मी सिनेटच्या दाराशी टांगलेला असतानाही ऐकलं नव्हतं.

आयोगाच्या अध्यक्षबाई उठल्या. चष्मा लावून माझ्याजवळ आल्या, काकूंच्या बोटाखालची रेघ पाहिली, मग खिडकीतून बाहेरचा रस्ता पाहिला. मग त्यांनी वहीत दोन ओळी लिहिल्या.

अंतिम नकाशा जाहीर झाला त्या दिवशी रुपाली धावत हॉलमध्ये आल्या. "काकू! काका! रेघ सरकली!" खरंच सरकली होती! मिल रोडवरून उठून ती गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत गेली होती, फाटा पुसला गेला होता, आणि सगळं हेझल ब्रूक एका मतदारसंघात आलं होतं. मराठी शाळेच्या मुलांनी माझ्यावर नवा पारदर्शक कागद चढवून हिरव्या रंगात ती रेघ ओढली. एवढी देखणी रेघ माझ्या अंगावर आजवर उमटली नव्हती. उल्हास काका काकूंना म्हणाले, "मी जे बोलणार होतो, नेमकं तेच बोललीस बघ."

नव्या मतदारसंघात निवडणूक आली आणि आसावरी उभी राहिली. पावसात, थंडीत, दारोदार फिरली. लोक म्हणायचे, "तू त्या न बोलणाऱ्या डॉक्टरची मुलगी ना?" आणि आत बोलवायचे. ती जिंकली, मित्रांनो, दणदणीत जिंकली! राजधानीत शपथ घेतली त्या संध्याकाळी ती तडक माझ्याकडे आली आणि माझ्या पितळी पट्टीत स्वतःच्या हाताने कार्ड सरकवलं, आसावरी दिघे. हेझल ब्रूकचं हे पहिलंच नाव. मी इतका फुगलो की खिळा निघतो की काय असं वाटलं.

आणि मिल रोडवर सिग्नल बसला. तो सुरू झाला त्या सकाळी मी खिडकीतून पाहत होतो. शाळेची मुलं, बेगलवाले, मराठी शाळेचे आईबाप असे सगळे दोन्ही बाजूंना जमले होते. पलीकडे विष्णू काका एकटे पुढे आले आणि त्यांनी बटण दाबलं. दिवा बदलला. सुसाट येणाऱ्या गाड्या थांबल्या. काका काठी टेकत निघाले. इतके सावकाश, की अर्ध्यावर असतानाच त्यांची वेळ संपली आणि गाड्यांना हिरवा दिवा मिळाला. तरी एकही गाडी हलली नाही, कोणी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. अलीकडे आसावरी उभी होती.

"काका, हात देऊ का?" तिने विचारलं.

"नको गं," ते म्हणाले. "मला आज कोणाचीही राइड नकोय."

ते फुटपाथवर चढले आणि दोन्ही बाजूंनी असा जल्लोष झाला की लायब्ररीच्या काचा थरथरल्या.

मित्रांनो, माझा रंग आता उडत चाललाय. जमलं तर अधूनमधून माझ्यावरची धूळ झटका आणि उंदरांना माझ्यापासून लांब ठेवा. पण त्याहून मोठं मागणं दुसरंच आहे. दहा वर्षं झाली की ती माणसं पुन्हा पेन्सिल घेऊन बसतील. तेव्हा तुम्ही मोठे झालेले असाल. तुमच्या गावातून रेघ ओढली जात असेल, त्या दिवशी घरी बसू नका. हॉलमध्ये या, आणि उभे राहा.